कालीबाईचं वतन

कालीबाई पावरा पहिल्यांदा माझ्या टेबलाशी आली, तेव्हा मी तिला चुकीचा सल्ला दिला होता. हे आधीच सांगून टाकते, कारण त्या दाव्याचं श्रेय लोक मला देतात आणि मला ते घेववत नाही.

मी अतिका. नंदुरबारच्या कोर्टात वकिली करते. माझे अब्बा दाऊदभाई बाजारात पत्र्याच्या पेट्या बनवायचे. लग्नात देतात तशा, फुलं रंगवलेल्या. अर्धं गिऱ्हाईक गुजरातेतल्या निझर-उच्छलकडचं, त्यामुळे त्यांची नावं पेट्यांवर लिहिता लिहिता मी लहानपणीच गुजराती वाचायला शिकले. त्याचा कोर्टात कधी उपयोग होईल असं वाटलं नव्हतं.

दोन हजार बावीसचा ऑगस्ट होता. कालीबाई नवऱ्याबरोबर, चैत्याबरोबर आली. वय चौतीस-पस्तीस, उंच, काटक बाई. उजवा हात पदराखाली. चैत्या बोलायला लागला तर तिने त्याला थांबवलं आणि हात सरळ माझ्या टेबलावर ठेवला. चार बोटं नव्हती. अंगठा तेवढा होता.

तिची हकिगत साधी होती. तोरणमाळच्या घाटाखाली आंबीपाडा म्हणून बारा-पंधरा घरांची वस्ती आहे, तिथली ती. चार वर्षं गुजरातेतल्या एका कापसाच्या मिलमध्ये कामाला जायची. जानेवारीत सरकी काढायच्या मशीनमध्ये अडकलेला कापूस ओढायला सांगितलं आणि मशीन बंद न करताच सांगितलं. मिलने दवाखान्यात नेलं, पंधरा दिवसांनी घरी पाठवलं. मग त्यांच्याच डोंगरातला मुकादम नवलसिंग एक कागद घेऊन पाड्यावर आला.

"म्हणाला, अंगठा दे, विषय मिटला," कालीबाईने सांगितलं. ती माझ्याशी मोडकंतोडकं मराठी, थोडं गुजराती असं मिसळून बोलायची. ते मी इथे माझ्या भाषेत लिहितेय. "म्हणाला, अंगठा तर राहिलाय ना तुझा."

"मग?"

"मी म्हटलं, मी आश्रमशाळेत चौथी शिकले. मी अंगठा देत नाही, सही करते. आणि आता सहीचा हात नाही, तेव्हा जा."

वकीलपत्रावर मात्र तिने सही केली. डाव्या हाताने. पेन घट्ट धरून एकेक अक्षर काढत होती. शेजारच्या टेबलावरचा टायपिस्ट योगेंद्र मशीन थांबवून बघत राहिला. सही संपल्यावर हळूच मला म्हणाला, "ताई, तुन्ही पक्षकार भलती खमकी शे."

आता माझा सल्ला. कामावर अपघात झाला तर भरपाईचा दावा तीन ठिकाणी लावता येतो. अपघात जिथे झाला तिथे, मालकाचं कार्यालय जिथे आहे तिथे, किंवा कामगार नेहमी जिथे राहतो तिथे. मी कालीबाईला सांगितलं, गुजरातेत लाव. दवाखाना तिथे, मिल तिथे, साक्षीदार तिथे. मी तिकडच्या एका वकिलाचं नाव देते, काम लवकर होईल.

तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"तारखेला जायला एक दिवस, यायला एक दिवस," ती म्हणाली. "रात्री राहू कुठे? तिकडे मला एकच जागा माहीत आहे, मिलची खोली. ज्याच्यावर दावा, त्याच्याच खोलीत झोपू का?"

त्या वकिलाचं नाव लिहायला घेतलेलं पेन मी खाली ठेवलं.

"आणि वकीलबाई, मी राहते कुठे ते तर मलाच माहीत असणार ना? मी आंबीपाड्याला राहते. मग इथेच लाव."

दावा नंदुरबारला लावला.

चार महिन्यांनी मिलच्या वकिलाचं उत्तर आलं आणि माझं अवसान गळालं. अपघात झाला की नाही, चूक कुणाची, यावर त्यात फारसं काही नव्हतं. सगळा जोर एकाच गोष्टीवर होता: नंदुरबारच्या कोर्टाला हा दावा ऐकण्याचा अधिकारच नाही. अपघात गुजरातेत, कार्यालय गुजरातेत, आणि बाईसुद्धा राहते गुजरातेत. सोबत तिच्या आधार कार्डाची प्रत. पत्ता मिलच्या आवारातला, खोली नंबर नऊ.

"हे काय आहे?" मी विचारलं.

कालीबाईने कार्ड उलटसुलट करून पाहिलं. "गेटपास पाहिजे म्हणून नवलसिंगने आम्हा सगळ्यांना टेम्पोत घालून आधार काढायला नेलं होतं. पत्ता त्यानेच सांगितला. आम्हाला वाटलं, मिलचं काम आहे."

न्यायाधीशांनी ठरवलं की आधी हाच प्रश्न निकाली काढायचा. दावा इथे चालेल की नाही. मी कागद जमवायला लागले. रेशनकार्डावर तिचं नाव होतं, पण समोरचे वकील म्हणाले, रेशनकार्डावर नाव राहतं, माणूस कुठेही असतो. मतदारयादीत कालीबाईची 'काळीबाई' झाली होती. ग्रामपंचायतीचा दाखला दिला तर म्हणाले, असा दाखला कुणालाही मिळतो. प्रत्येक गोष्ट थोडी थोडी खरी होती, आणि आधार कार्डासमोर उभं राहील असं माझ्याकडे काही नव्हतं.

एका तारखेनंतर आम्ही कोर्टाबाहेर चहा घेत होतो. कालीबाई पहाटे डोंगरातून चालत मोठ्या रस्त्याला आली होती, तिथून जीपने शहादा, मग एसटीने नंदुरबार. त्या दिवशी पुढची तारीख मिळण्यापलीकडे काहीच झालं नव्हतं. मला तिच्याकडे बघवेना. म्हटलं, "कालीताई, जमेल असं वाटत नाही. तिकडेच लावू या का दावा?"

ती चहा पीत विचार करत होती. एकाएकी म्हणाली, "मेहताजी लिहायचा की."

"कोण मेहताजी?"

"नवनीतभाई. मिलचा हजेरीवाला. मी घरी निघाले की विचारायचा, कुठे चाललीस, आणि वहीत काहीतरी लिहायचा. होळीला लिहिलं, आमचूर करायला आले तेव्हा लिहिलं, पेरणीला लिहिलं. गुजरातीत असायचं, काय लिहिलं ते मला येत नाही वाचता. पण लिहायचा. ती वही मागव ना."

मी चहा तसाच ठेवून आत गेले आणि हजेरीपुस्तक हजर करण्याचा अर्ज लिहायला बसले. पंधरा वर्षं वकिली करून मला जे सुचलं नव्हतं ते तिला सुचलं होतं.

मिलने खूप टाळलं. जुनं पुस्तक सापडत नाही, वाळवी लागली, कारकून आजारी आहे. तीन तारखा अशा गेल्या. कालीबाई तिन्ही तारखांना हजर होती. शेवटी न्यायाधीशांनी सक्त आदेश दिला.

पुस्तकं आली त्या दिवशी आधी कालीबाईची उलटतपासणी झाली. ती पावरीत, तिच्या बोलीतच बोलणार म्हणाली. कोर्टातले शिपाई राजेंद्र धडगावकडचे, घरी पावरीच बोलणारे, त्यांना शपथ देऊन दुभाषा म्हणून उभं केलं. मिलचे वकील भूपेश शाह अनुभवी गृहस्थ होते, आवाज कधी चढवत नसत.

"चार वर्षं तुम्ही खोली नंबर नऊमध्ये राहत होता, बरोबर?"

"काम असायचं तेव्हा तिथे झोपायचे," राजेंद्रनी तिचं उत्तर सांगितलं.

"झोपणं आणि राहणं यात फरक काय?"

"त्या खोलीत आम्ही सहा बायका होतो. माझी एक गोधडी, एक पातेलं, एक ताट. मुकादम म्हणाला ऊठ, दहा नंबरमध्ये जा, की जायचं."

"आणि गावी काय आहे?"

कालीबाई बोलायला लागली ती राजेंद्रना तिच्यामागे धावावं लागलं. गावी घर आहे. त्याचा कूड तिने आणि चैत्याने विणला, लिंपण तिचं आहे. दोन मुलं आहेत, एक शाळेत जातो, एक जायची आहे. सासू आहे, तिला दिसत नाही. अकरा शेळ्या आहेत. तीन आंबे आहेत, उन्हाळ्यात कैऱ्या सोलून, कापून आमचूर वाळवायचं काम तिचं, ते दुसऱ्या कुणाला जमत नाही. घरामागे शेत आहे, त्यात भगर आणि ज्वारी होते. धाकटी मुलगी त्याच घरात जन्मली.

न्यायाधीशांनी लेखणी खाली ठेवून सगळं ऐकलं. शाहसाहेबांनी पुढचा प्रश्न विचारला नाही. एवढंच म्हणाले, "हे सगळं तोंडी आहे, साहेब. कागद काय म्हणतो ते बघा."

मग नवनीतभाई आले. साठीचे, बारीक, कानाला मफलर गुंडाळलेले. चार हजेरीपुस्तकं कापडात बांधून आणली होती. कालीबाईचा हात त्यांनी पाहिला आणि नजर खाली घातली.

मी पहिलं पुस्तक उघडलं. गुजरातीत होतं. कालीबाईची ओळ शोधली. हजेरीच्या खुणा, खुणा, खुणा, आणि मार्चमध्ये सलग नऊ दिवसांवर आडवं लिहिलेले दोन शब्द. मी दुसरं पान काढलं. एप्रिल-मे. तेच दोन शब्द. जून-जुलै. तेच. कुठेच नुसतं गैरहजर लिहिलेलं नव्हतं.

"नवनीतभाई, हे अक्षर कुणाचं?"

"माझं, बेन."

"काय लिहिलंय, मोठ्याने वाचा."

"वतन गई."

न्यायाधीश सांगलीकडचे होते. त्यांनी भुवया उंचावल्या. "वतन? कसलं वतन? पाटीलकीचं?"

मागे बसलेले दोन-तीन वकील हसले. नंदुरबारमध्ये गुजराती कळत नाही असा माणूस विरळाच. नवनीतभाई मात्र हसले नाहीत. हात जोडून म्हणाले, "साहेब, वतन एटले पोतानुं गाम. माणसाचं स्वतःचं गाव. आमच्यात कुणी सुटीला घरी गेलं की असंच म्हणतात."

"म्हणजे ही बाई आपल्या घरी गेली, असं तुम्ही लिहिलं?"

"हो साहेब. विचारून लिहायचो. ती म्हणायची, घरी चालले. मी लिहायचो, वतन गई."

"किती वेळा?" मी विचारलं.

त्यांनी पानं चाळून मोजलं. चौदा वेळा.

शाहसाहेब उठले, म्हणाले ही नुसती बोलायची रीत आहे, त्याला कायद्यात अर्थ नाही. न्यायाधीशांनी टिपण करून घेतलं आणि निकालासाठी तारीख दिली. बाहेर व्हरांड्यात नवनीतभाई कालीबाईजवळ आले. ती काय बोलेल अशी मला धास्ती होती. तिने त्यांना विचारलं, "कान दुखतो का?" आणि बसायला बाक दाखवला.

निकाल दोन हजार चोवीसच्या फेब्रुवारीत लागला. मिलची हरकत फेटाळली. कार्डावरचा पत्ता गेटपासच्या सोयीपुरता होता, मालकाच्याच पुस्तकात आंबीपाडा हे तिचं घर म्हणून पुन्हा पुन्हा नोंदलेलं आहे, सबब अर्जदार नेहमी आंबीपाड्याला राहते आणि दावा नंदुरबारलाच चालेल. अपघात गुजरातेत झाला म्हणून कायद्याप्रमाणे तिकडच्या भरपाई-अधिकाऱ्याला तशी सूचना पाठवावी. राजेंद्र ओळीओळीने पावरीत सांगत होते. आंबीपाड्याचं नाव आलं तेव्हा कालीबाईने मान वर केली.

"कोर्टाने आमच्या पाड्याचं नाव घेतलं?" तिने त्यांना विचारलं.

"दोनदा घेतलं," राजेंद्र म्हणाले.

पुढे दावा वर्षभर चालला. एकदा जागेचा प्रश्न मिटल्यावर मिलकडे बोलायला फार काही उरलं नव्हतं. चालू मशीनमध्ये हात घालायला सांगितलं, हे कालीबाईबरोबरच्या दोन बायकांनी इथे येऊन सांगितलं. गुजरातेत त्या गेल्या नसत्या, असं नंतर त्यांनीच मला सांगितलं. भरपाई मंजूर झाली आणि मिलने ती भरली.

कालीबाई आता मिलला जात नाही. डाव्या हाताने विळा चालवते, कैऱ्या सोलते, फक्त कापायला चैत्या मदत करतो. पण डोंगरात तिचं नाव झालंय. कुणाचा बाप बांधकामावरून पडतो, कुणाची सून ऊसतोडीला गेली असताना ट्रॉलीखाली येते, की लोक आधी आंबीपाड्याला जातात. ती त्यांना ओट्यावर बसवते आणि विचारते, घरी कधी कधी आलात, कोण लिहायचं, मुलं कुठल्या शाळेत आहेत. मग चिठ्ठी देऊन माझ्याकडे पाठवते. चिठ्ठीतली अक्षरं वाकडी असतात, पण कुठला कागद मागवायचा ते त्यात बिनचूक असतं.

मागच्या महिन्यात काठी गावाहून एक कुटुंब आलं होतं. त्यांचा माणूस परराज्यात पुलाच्या कामावर जखमी झालेला. ठेकेदाराने त्यांना सांगितलं होतं, दावा तिकडेच लावावा लागेल, नाहीतर काही मिळणार नाही. म्हाताऱ्या आईने ते मला सांगितलं आणि ती हसली.

"मी त्याला म्हटलं, आमच्या कालीबाईला विचारून सांगते," ती म्हणाली.

मी वकीलपत्राचा कोरा कागद काढला आणि त्यांच्या गावाचं नाव लिहून घेतलं.