पोरीचं तोंड कुणीकडं

माजलगावच्या रस्त्याला ऊसतोडीच्या गाड्या बनवणारा एक वेल्डर होता. दुष्काळात साखर कारखाना बंद, म्हणून रिकामाच होता. मला माझ्या लेकीला सायकलीमागं बसवून शिवारात फिरवायचं होतं, म्हणून मी त्याला मोबाईलवर सायकलीला जोडायच्या छोट्या गाड्या दाखवल्या. एक चाक की दोन, माझं काही ठरत नव्हतं. त्यानं खडूनं फरशीवर चौकोन आखला, स्वतःच त्यात मांडी घातली.

"पोरीचं तोंड कुणीकडं?"

"पुढं."

"लहानपणी तोडीला जाताना आमी बैलगाडीत उलटं बसायचो. पुढं नुस्ती बापाची पाठ. मागं गाव तरी दिसायचं."

गाडी आणली तेव्हा पाहिलं, बसायचा बाक पुढं किंवा मागं तोंड करून आवळता यावा म्हणून त्यानं दोन्हीकडं भोकं पाडली होती. पाना हातात धरून मी अंगणात बसूनच राहिलो.