तालीमखान्याच्या बाई

आमच्या अंगणवाडीच्या बाईंच्या हातांवर बारमाही ओरखडे असत. मांजरानं बोचकारल्यासारखे. पण ते तालीमखान्याच्या काट्यांचे होते. नांदूरघाटाकडच्या आमच्या गावात तळ्याकाठच्या चिखलात ही काटेरी झुडपं माजत, दिवाळीच्या सुमारास त्यांच्या पेरापेराला जांभळी फुलं येत. म्हशीही तोंड लावत नसत. बाई मात्र काट्यांत हात घालून पान उलटं करत आणि आम्हाला अळी दाखवत.

"काट्याला कावून भेता? आत कोण राहतंय ते बघा," म्हणत. मग एके दिवशी त्याच झुडपावर पंखांवर डोळे असलेली नारिंगी फुलपाखरं दिसत.

गाव हसायचं. "बाई आता अळ्या सांभाळायलीय." बाई शांतपणे म्हणत, "त्यांची बी हजेरी कुणीतरी घ्यायला पायजे की."

मी सरपंच झालो तेव्हा बाई निवृत्त होऊन तळ्याजवळच्या वस्तीतच राहत होत्या. तळ्याच्या सुशोभीकरणाचं काम मंजूर झालं. काठ साफ करून फरशी, बाक, दिवे. जेसीबी आला त्या सकाळी बाई त्याच्यापुढं येऊन उभ्या राहिल्या.

"दत्ता, आठ दिस थांब. कोष लटकलेत. फुलपाखरं उडाली की मीच काढू लागते."

"बाई, उद्घाटनाला साहेबांची तारीख मिळालीय."

"तारीख त्यांची बी ठरलेली हाय रे."

चारचौघं बघत होते. त्यांच्यासमोर बाईंचं ऐकणं मला कमीपणाचं वाटलं. मी म्हणालो, "बाई, अंगणवाडी सुटली आता. घरी जा."

माणसं खो खो हसली. बाई बाजूला झाल्या. दुपारपर्यंत त्या जेसीबीच्या मागं मागं फिरून चिखलातल्या फांद्या टोपलीत वेचत होत्या. त्यातले किती कोष वाचले, मी कधी विचारलं नाही.

पुढं त्या अंगणात पडल्या, कंबरेला मार बसला. काठाला फरशी बसायच्या आत लेक त्यांना बीडला घेऊन गेली.

मागच्या हिवाळ्यात कळलं, बाई अंथरुणाला खिळल्यात. माफी मागायची ठरवूनच मी बीडची एसटी धरली. वाटभर शब्द जुळवत होतो. बाईंनी मला आवाजावरून ओळखलं, हात हातात घेतला आणि मी माफीचा शब्द काढायच्या आत विचारलं, "यंदा फुलला का रे तालीमखाना?"

काठाला औषधालासुद्धा रोप उरलेलं नव्हतं.

"लई फुललाय, बाई," मी म्हणालो.

"अन् फुलपाखरं?"

"ती बी हायत."

बाईंचा चेहरा उजळला. लेकीला म्हणाल्या, "बघ, म्हणलं नव्हतं? मुळं ऱ्हातात चिखलात. अन् दत्ता काय सगळं काढायचा न्हाई."

लेकीनं माझ्याकडं पाहिलं. ती अधूनमधून गावी यायची, तिला तळं ठाऊक होतं. मग ती चहा टाकायला उठली.

पंधरा दिवसांत बाई गेल्या. खरं सांगितलं असतं तर त्या माझ्यावर रागावल्या असत्या. तो त्यांचा हक्क होता. मी तेवढंही त्यांना करू दिलं नाही.