पिवळ्या खोलीतली जोडीदारीण

माझी धाकटी बहीण छापखान्यात पुस्तकं छापायच्या प्लेटा करायची. त्या प्लेटांना साधा उजेड सोसत नाही, लागला की वाया जातात. म्हणून त्या खोलीला खिडकी नाही आणि आतला दिवा पिवळाधमक. आत गेलं की सगळंच पिवळं, मालकसुद्धा. पहिल्यांदा गेले तेव्हा मी म्हटलं, "अगं बाई, सगळ्यांना कावीळ झालीय की काय!" केवढ्या हसलो होतो आम्ही. जळलं मेलं ते हसणं.

तिच्या जोडीला एक बाई होती. गोड बोलायची म्हणून सगळे तिला साखर म्हणत. वयाने मोठी. धाकटीला काम तिनेच शिकवलं, नाही म्हणत नाही मी. पण अलीकडे साखरेला बारीक अक्षर दिसेना. मालकाला कळलं तर घरी बसवेल, म्हणून धाकटी आपलं काम उरकून तिच्याही प्लेटा गुपचूप तपासायची, अगदी डोळ्यात तेल घालून. मी म्हणायची, "तुला काय पडलंय?" तर म्हणे, "ताई, तिने मला हाताला धरून शिकवलंय."

लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी धाकटीला दिवस राहिले. नवरा ट्रकवर, सदा बाहेर. शेवटच्या महिन्यात शाळेच्या पुस्तकांचं काम आलं आणि नेमक्या तेव्हाच हिला उलट्या सुरू झाल्या. भलतीच तहान लागायची, पोटात वरच्या बाजूला दुखायचं, बसल्या बसल्या डोळा लागायचा. जायची अंधारात, यायची अंधारात. दिवसाउजेडी तिचं तोंड बघणार कोण? एकटी साखर.

दुपारी डबा खाऊन दोघी मागच्या अंगणातल्या नळावर हात धुवायच्या. तिथे धाकटीने एकदा विचारलं, "डोळे कसेसेच झालेत, बघ ना जरा." साखरेने अंगठ्याने तिची पापणी वर केली. बराच वेळ बघितलं. म्हणाली, "काही नाही गं. आतला पिवळा उजेड डोळ्यात मुरतो, मलाही व्हायचं. एवढी पुस्तकं जाऊ देत, मग घे रजा." धाकटीने मान डोलावली. शिकवणारीच ती, तिच्यावर नाही विश्वास ठेवायचा तर कोणावर?

बाळंतपण करायला म्हणून मी एका सुट्टीच्या सकाळी पोचले. दार उघडून ती उन्हात उभी राहिली. डोळे पिवळे, कातडी पिवळी, बोलताना जीभ अडखळत होती. तशीच गाडीत घातली आणि दवाखाना गाठला.

डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं आणि धावपळ उडाली. ही साधी कावीळ नव्हे, म्हणाल्या. गरोदरपणाच्या शेवटी क्वचित एखादीच्या यकृतात चरबी भरते, यकृत बंद पडायला लागतं, रक्त गोठेनासं होतं. उपाय एकच, बाळ लगेच बाहेर काढायचं. काढलं. मुलगी होती. रडलीच नाही.

धाकटी कशीबशी वाचली. "डोळे पिवळे दिसले तेव्हाच आणलं असतंत, तर दोघींची आशा होती," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

पुढे साखर दवाखान्यात भेटायला आली, डोळे पुसत. "मला मेलीला कुठे काय दिसतं गं! दिसलं असतं तर बोलले नसते का?"

नळावरची हकीकत धाकटीने मला आधीच सांगितली होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण धाकटीने हातानेच मला थांबवलं. तिचा आवाज जेमतेम फुटत होता.

"नळावर ऊन होतं. पापणी वर केलीस आणि तुझा हात थरथरला. दिसलं नव्हतं, तर हात कशाला थरथरला?"

साखर खाली बघत पुटपुटली, "तू रजेवर गेली असतीस तर माझ्या प्लेटा कोणी बघितल्या असत्या? वाटलं, थोड्या दिवसांनी काय बिघडतंय."

ज्या पोरीने हिची नोकरी टिकवली, तिचाच हिने केसाने गळा कापला! मी म्हटलं, "चालती हो इथून." दारापर्यंत गेली आणि, काय सांगू तुम्हाला, वळून विचारते कशी, "कामावर कधी येशील गं?"

धाकटीचा हात पोटावर होता, अजून सवयीने.

"तुझ्या प्लेटा आता तूच बघ," ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून निजली.