जाऊबाई आणि सात जणींचा संघ

माझ्या मोठ्या जाऊबाई हॉस्पिटलच्या धुलाई विभागात काम करतात. सकाळी सहाला पाळी. दिवसभर वाफेत उभं राहायचं, ओल्या चादरींचे गठ्ठे ओढायचे. तीनला सुटलं की तडक मैदान. देशाच्या सात जणींच्या रग्बी संघात त्या नऊ वर्षं होत्या. बाकीच्या मुली त्यांना 'भिंत' म्हणत.

सुरुवातीला या संघाला काळं कुत्रंही विचारत नव्हतं. पहिल्या दौऱ्यात पाचही सामने हरले, एकात तर भोपळाच. सासूबाई म्हणाल्या, "मार खायला एवढ्या लांब कशाला जायचं?" जाऊबाई भांडी घासायला लागल्या.

पुढे धावण्याच्या शर्यतींतून दोन चपळ मुली आल्या, नव्या प्रशिक्षकबाईंनी समोरचीला पाडायचं तंत्र घोटून घेतलं, आणि शेवटचा नंबर सोडून संघ हळूहळू वर सरकला. पण जाऊबाई तोवर छत्तिशीच्या झाल्या होत्या. घरी आल्या की बूट काढता काढताच डोळे मिटायच्या. "एकदा विश्वचषक गाठू दे, मग सोडते," असं तीन वर्षं चाललं होतं.

शेवटी तो सामना आला. जिंकेल तो विश्वचषकाला जाणार. सात-सात मिनिटांचे दोन डाव. वेळ संपत आली, आपण दोन गुणांनी पुढे, आणि समोरची एक धिप्पाड मुलगी चेंडू छातीशी धरून आपल्या रेषेकडे सुटली; पलीकडे टेकवला की पाच गुण त्यांचे. अडवायला फक्त जाऊबाई. त्यांनी तिच्या मांड्यांना मिठी मारली, दोघी रेषेच्या हातभर अलीकडे कोसळल्या, चेंडू निसटून मैदानाबाहेर गेला. शिट्टी झाली. सगळ्या नाचत होत्या. जाऊबाई उठल्याच नाहीत. गळ्याजवळचं हाड मोडलं होतं.

महिन्याभराने संघ गेला, त्या घरीच राहिल्या. हात वर जाईना, म्हणून त्यांची वेणी मी घालायचे. वेणी घालतानाच टीव्हीवर आपल्या संघाचा शेवटचा सामना पाहिला. सोळा संघांत आपला नववा आला.

"वाईट वाटतंय?" मी विचारलं.

"वाटतंय ना. पण रडायलासुद्धा अंगात त्राण लागतं गं."

सासूबाईंनी उठून टीव्ही बंद केला. "निजू दे तिला. नऊ वर्षांची झोप साठलीय."

हाड जुळलं, खेळ मात्र सुटला. गठ्ठे ओढवत नाहीत, म्हणून त्या आता चादरींच्या घड्या घालतात. संघ यंदा सहावा आलाय. गुरुवारी त्या नव्या मुलींना पाडायचं तंत्र शिकवायला जातात. परवा मीही गेले होते. एकीने त्यांना विचारलं, "ताई, तुम्ही कधी खेळायचात का?"

"थोडंफार," जाऊबाई गवतावर बसत म्हणाल्या. "तू पुन्हा कर बघू. आणि मान बाजूला ठेव."