सोवळ्यातली स्पर्धक
मेणबत्ती विझवली की त्या वासाने मला वीस वर्षांपूर्वीची, अमेरिकेत ॲन आर्बरला शिकतानाची माझी रूममेट आठवते. मिनेसोटात वाढलेली ही मराठी मुलगी स्कीइंगच्या लांब पल्ल्याच्या शर्यतीत उतरायची आणि बर्फावर नीट घसराव्यात म्हणून आमच्या किचनमध्ये स्कीजवर इस्त्रीने मेण चढवायची. एका शर्यतीत शेवटची रेघ दहा पावलांवर असताना ती बर्फात कोसळली. मी प्रेक्षकांतून उचलायला धावले, तर ती सोवळ्यातल्या काकूसारखी ओरडली, “टच करू नकोस, डिस्क्वालिफाय होईन.” ओठ निळे पडले होते, तरी ती स्कीज फरफटत रांगली, रेघेपलीकडे गेली आणि मग हात पुढे करून म्हणाली, “आता टच कर.” परवा माझी लेक सायकलवरून पडली. मी धावत गेले आणि तिने हात पुढे करेपर्यंत नुसती शेजारी उभी राहिले.