मुलाचं प्रेत मागायला गेलेला राजा

आठवडाभर टोकियोच्या ऑफिसात मान मोडून काम केल्यावर शनिवारी अंगात त्राण नसायचं. तरी मी शहरातल्याच फुनाबोरी भागातल्या वाचनमंडळाला जायचे. जपानी सुधारेल, एवढाच हेतू. तिथे एक निवृत्त शिक्षक सात-आठ म्हाताऱ्या माणसांना जुनं ग्रीक महाकाव्य जपानी भाषांतरातून मोठ्याने वाचून दाखवायचे. जुने कवी अशी काव्यं लोकांपुढे गाऊनच सांगत, म्हणून मनातल्या मनात वाचायचं नाही, हा सरांचा दंडक. अर्धं माझ्या डोक्यावरून जायचं. कधी डुलकीही लागायची. कोणी काही म्हणत नसे.

त्या दिवशी म्हातारा राजा शत्रूच्या तळावर जाऊन आपल्या मुलाचं प्रेत मागतो, तो भाग आला. ज्या हातांनी मुलगा मारला, त्याच हातांचं तो चुंबन घेतो. माझ्या शेजारच्या आजी एकदम म्हणाल्या, "त्याला निदान देह तरी मिळाला."

सर थांबले.

"माझे वडील युद्धात दक्षिणेकडच्या बेटावर मारले गेले. अस्थी म्हणून पांढऱ्या कापडात गुंडाळलेली पेटी आली. आईने उघडली, तर आत दगड. तिने तोच पुरला."

"आज इतकंच पुरे," सर म्हणाले.

स्टेशनकडे जाताना आजींनी विचारलं, "तुमचे वडील आहेत?"

"नाही. मागच्या वर्षी पुण्यात वारले. मी वेळेत पोचू शकले नाही. भावाने अंत्यसंस्कार फोनवर दाखवले."

"नीट दिसलं?"

"नाही. चित्र सारखं अडकत होतं."

हे मी घरीही बोलले नव्हते. आजी चालायच्या थांबल्या. "फार दमलात तुम्ही," म्हणाल्या. धीर धरा वगैरे काही नाही. मी फुटपाथवरच रडले. त्या माझी पिशवी धरून उभ्या राहिल्या.

पुढच्या शनिवारी त्यांनी सरांना सांगितलं, उरलेलं हिला वाचू द्या. राजा प्रेत घेऊन घरी येतो, बायका विलाप करतात. मी अडखळत वाचत होते. एखादं अक्षर अडलं की आजी हळूच उच्चार सांगायच्या. दुपारभर वाचूनही ते संपलं नव्हतं. घसा कोरडा पडला, म्हणून मी थांबले.

"थोडंच राहिलंय," आजी म्हणाल्या. "चितेचं वाचा."

मी वाचलं.