धुरातला गोल

विसरलात ना?

वाढदिवस फोन सांगतो म्हणून बरं. नाहीतर स्वतःच्या बायकोचा वाढदिवसही तुम्ही शेजाऱ्याला विचाराल. मग दर थंडीत ऐकलेला, भुसावळच्या ग्राउंडवरचा तो गोल तुम्हाला कुठून आठवणार!

"गोल होता, होता, होता" असं आयुष्यभर म्हणणारा माणूस आज सकाळी गेला.

धुळ्याकडच्या सोनगीरचे नाना.

(ग्रुपवर टाइप नात करतेय. मला अक्षर येत नाही. पण मॅच मी पाहिलीय, तिने नाही. म्हणून बोलणार मी.)

लग्न होऊन भुसावळला रेल्वेच्या चाळीत आले, तेव्हाची गोष्ट.

घर माणसांनी भरलेलं, डोक्यावर पदर. नवरा म्हणजे ताटात भाकरी घेणारे दोन हात, बस.

दिवसाउजेडी सबंध नवरा मी पहिल्यांदा पाहिला तो फुटबॉलच्या ग्राउंडवर.

अर्ध्या चड्डीत.

सासूबाई म्हणाल्या, "खाली बघ गं."

बघितलं खाली. मग पुन्हा वर बघितलं.

आमचे हे भुसावळच्या टीमचे गोलकी. समोर धुळ्याची टीम. त्यांची माणसं ट्रक भरून आलेली. टपावर बसून सगळ्यात मोठ्याने बोंबलणारा काळासावळा पोरगा, तो नाना. मालगाडीने शिट्टी दिली तरी ऐकू येईना, असा घसा.

आमची लोकं अतिशहाणी. हाफटाइमला एक गोल पुढे होती, तर म्हणे जिंकलोच! पाहुण्यांसाठी भरीत करायचंच आहे, मग वांगी आत्ताच लावू.

आमच्याकडे पाहुणा हरला तरी उपाशी जात नाही.

गोलच्या मागेच कपाशीच्या काड्या पेटवल्या. त्यावर भरताची वांगी टाकली.

वाऱ्याला कुणी विचारलंच नाही.

मॅच संपत आलेली. धुळ्याचा एक काटकुळा खेळाडू बॉल घेऊन सुटला. आणि तेवढ्यात वारा फिरला.

सगळा धूर गोलवर.

ग्राउंड नाही. खांब नाहीत. माणसं नाहीत.

नुसतं पांढरं. त्यात तिरपं ऊन, आणि भाजल्या वांग्याचा वास.

आतून कुठूनतरी आवाज आला, धप्प.



धूर सावकाश वर उचलला. आधी दोन पाय दिसले. मग चड्डी. मग छातीशी धरलेला बॉल. मग हे.

एक पाय गोलच्या रेघेच्या अलीकडे, एक पलीकडे.

अजून स्वप्नात तो धूर असाच उचलतो. तोंड दिसायच्या आत जाग येते मेली.

रेफ्रीने गोल दिला नाही. आम्ही जिंकलो.

नाना टपावरून उडी मारून आत. "गोल शे! बठ्ठासनी दखं!"

"सगळ्यांनी पाहिलं? धुरात काय दखलं रे तू?" आमची लोकं हसायला लागली.

"माले नको तुमनं भरीत!"

जाऊन बसला रुसून, ट्रकच्या चाकाला टेकून. कुणी उठवायला जाईना. शेवटी मीच केळीचं पान घेऊन गेले. भरीत, कांद्याची पात, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी.

म्हटलं, "भाऊ, गोलचं नंतर बघू. भाकरी गरम आहे."

जेवला. ट्रकवाला हॉर्न देऊन दमला, तरी जेवत होता.

पुढच्या थंडीत वांग्यांची पिशवी घेऊन दारात हजर.

"वहिनी, तुम्हाले तरी सांगं व्हई त्यानी. गोल व्हता ना?"

मग दर थंडीत हेच. ताटात मॅच मांडायची. वांगी म्हणजे खांब, मिरची म्हणजे तो काटकुळा, लसणाची पाकळी म्हणजे बॉल. नाना पाकळी आत ढकलायचे, चाळीतले बाहेर काढायचे.

आमचे हे बाजूला बसून नुसते हसायचे.

मग हे गेले. मला वाटलं, आता नाना कशाला येतात!

आले. पिशवी घेऊन. यांच्या फोटोकडे जरा वेळ बघितलं आणि म्हणाले, "वहिनी, आते तरी खरं सांगा."

मी म्हटलं, "पुढच्या वर्षी सांगते."

किती वर्षं ते "पुढच्या वर्षी" पुरवलं मी.

यांनी मला कधीच सांगितलं होतं, "अगं, मलाच रेघ दिसली नाही. बॉल हातात आला, एवढंच कळलं."

हे नानांना सांगितलं असतं तर वाद मिटला असता. वाद मिटला असता तर नाना कशाला आले असते? आणि यांना त्या धुरातून बाहेर येताना पाहिलेलं दुसरं माणूस मी कुठून आणू?

बाकीचे सगळे आधीच गेले हो.

मागच्या आठवड्यात सोनगीरला गेले. नाना खाटेवर. मालगाडीला हरवणारा तो घसा, आता कान तोंडाशी न्यावा लागला.

"वहिनी, गोल नव्हता. जाऊ द्या. तुमना गोलकी खरा."



"नव्हता कसा?" मी ओरडलेच. सुना स्वयंपाकघरातून धावत आल्या. "मी सांगते, होता! उठा, भांडा माझ्याशी!"

नानांच्या ओठांच्या कोपऱ्यात तो ट्रकच्या टपावरचा पोरगा हसला.

"मंग पुढला वरीसले दखसूत."

नाना, आता थेट यांनाच विचारा. नुसते हसले तर सोडू नका.

आणि तुम्ही सगळे, ऐका. हार-फुलं नकोत, तेराव्याला लाडू नकोत.

थंडी आहे तोवर वांगी पाठवा. हिरवी, भरताची, देठासकट. पात पाठवा. ग्राउंडवरच भाजायची, गोलच्या मागे, जिकडून वारा येईल तिकडे. धूर गोलवर आला पाहिजे.

आणि कळण्याच्या भाकरी गरम पाठवा. रुसलेला माणूस गार भाकरीला उठत नाही.